पाच आवाजांचं देणं

१९५५ साली अमेरिकेत 'अनचेन्ड' नावाचा एक तुरुंगपट आला आणि गेला. त्यातलं एक गाणं मात्र सिनेमाला मागे टाकून जगभर पोचलं. 'अनचेन्ड मेलडी' हे त्याचं नाव. संगीत ॲलेक्स नॉर्थ यांचं, शब्द हाय झॅरेट यांचे. दूर अडकून पडलेल्या माणसाने घरच्या माणसाची ओढ सांगावी आणि मी येईपर्यंत थांबशील ना, असं विचारावं, एवढाच त्याचा आशय. त्या एकाच वर्षात लेस बॅक्स्टरचा ऑर्केस्ट्रा, अल हिबलर आणि रॉय हॅमिल्टन या तिघांच्या तीन वेगळ्या रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या दहांत होत्या. तिकडे इंग्लंडात जिमी यंगची रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली. त्यानंतर हे गाणं किती गळ्यांतून फिरलं याला गणतीच नाही.

मी गिरगावात, ठाकूरद्वारच्या चाळीत वाढले. घरात नाट्यसंगीत, भावगीतं आणि सकाळच्या रेडिओवरचे अभंग. या गाण्याची आणि माझी गाठ पडावी असं काही कारण नव्हतं. ती पडली, आणि आयुष्यातले कठीण काळ मी या गाण्याच्या आधाराने काढले. प्रत्येक वेळी गाणं तेच होतं, गाणारा मात्र निराळा होता. ज्यांचं मी देणं लागते त्यांची नावं एकदा नीट लिहून ठेवावीत, असं फार दिवस मनात होतं.

पहिलं देणं मास्तरांचं. ते गोव्याचे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकले, व्हायोलिन शिकले आणि पोटासाठी मुंबईला आले. त्या पिढीतले गोव्याचे कितीतरी वादक असेच आले. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचा कणा ही मंडळी होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावं. मास्तर त्यांच्यासारखे नावारूपाला आले नाहीत. ते मागच्या रांगेत बसून वाजवायचे, रेकॉर्डिंग संपलं की पाकीट घेऊन घरी यायचे आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. खोताच्या वाडीत बाहेरून लाकडी जिना असलेल्या एका घरात वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, आमच्या आंटी, राहत. माझ्या वडिलांनी मला त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला घातलं. शिकवणीचे पैसे कधी महिन्याच्या महिन्याला गेले, कधी राहिले. मास्तरांनी त्याचा हिशेब कधी विचारला नाही.

धोबीतलावच्या जेर महालात गोवेकरांचे कूड, म्हणजे राहायचे क्लब, होते. एकेका गावाचा एकेक कूड. भिंतीलगत ट्रंका मांडलेल्या, समोर आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. बोटीवर नोकरी करणारे गोवेकर पुढची बोट मिळेपर्यंत तिथे थांबायचे. मास्तरांच्या गावचे खलाशी परदेशी बंदरांतून त्यांच्यासाठी रेकॉर्ड आणत. मास्तर त्या ऐकून नोटेशन लिहून काढत आणि लग्नाच्या बँडसाठी त्याचे पार्ट पाडत. या गाण्याच्या निरनिराळ्या रेकॉर्ड त्यांच्याकडे जमल्या त्या अशा. आणणारे सगळे बायकामुलांना मागे ठेवून समुद्रावर राहणारे होते. या गाण्यावर त्यांचा इतका जीव का, हे त्या वयात मला उमगलं नाही.

एक दिवस मास्तरांनी माझ्यापुढे एक नोटेशनचा कागद ठेवला. सुरांच्या पाच ओळींवर शाईने लिहिलेली एकच चाल, आणि वर रंगीत पेन्सिलींनी केलेल्या स्वल्पविरामासारख्या खुणा. तांबड्या खुणा अल हिबलरच्या, निळ्या रॉय हॅमिल्टनच्या, हिरव्या जिमी यंगच्या. प्रत्येक गायक कुठे श्वास घेतो, त्याची ती नोंद होती. व्हायोलिनवर श्वास म्हणजे गज उलटवणं. गज एका दिशेने जाता जाता जिथे परत फिरतो, तिथे वाक्य तुटतं. मास्तरांनी मला आधी तांबड्या खुणांवर गज उलटवून चाल वाजवायला लावली, मग निळ्यांवर, मग हिरव्यांवर. सूर तेच, लय तीच, पण तीन वेळा तीन निराळी माणसं बोलल्यासारखं वाटलं. मास्तर म्हणाले, "बाय, नोटा कागदावर असतात. माणूस श्वास घेतो ना, तिथे सापडतो."

या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं ऐकणं उभं राहिलं. भीमसेन जोशींचा अभंग असो की माणिक वर्मांचं भावगीत, मी आधी त्यांचे श्वास ऐकते.

हिबलरची रेकॉर्ड मास्तरांना सगळ्यांत प्रिय होती. अल हिबलर जन्मापासून आंधळा. मिसिसिपीत जन्मला, ड्यूक एलिंग्टनच्या बँडबरोबर १९४३ ते १९५१ अशी आठ वर्षं गायला. त्याचा आवाज भरदार, खर्जातला. शब्दाच्या शेवटाला तो अशी काही मुरड घालतो की तो शब्द ओठांवरून सुटायला तयार नाही असं वाटावं. तो फार कमी ठिकाणी श्वास घेतो आणि जिथे घेतो तिथे घाई करत नाही. मास्तर मला तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा ऐकवत. सुई उचलून अचूक त्याच खाचेवर ठेवायचा त्यांचा हात मला अजून दिसतो. पुढे वाचलं की १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी निदर्शनं झाली तेव्हा हा आंधळा गायक तिथे जाऊन त्यांत उतरला होता. मला नवल वाटलं नाही. त्या श्वासात न डगमगणं होतंच. हिबलरकडून मी धीर धरणं शिकले, आणि ते शिकवणी सुटल्यावर कामी आलं. वडील गेले आणि मला व्हायोलिन ठेवून नोकरी धरावी लागली, तेव्हा घर सावरेपर्यंतच्या त्या काळात बसच्या रांगेत, ऑफिसच्या जिन्यावर मी मनातल्या मनात तांबड्या खुणांनीच हे गाणं म्हणत असे.

रॉय हॅमिल्टन अगदी वेगळा. चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा, वर शास्त्रशुद्ध आवाजसाधनेची तालीम. १९५५ मध्ये काळ्या श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत हिबलरची आणि त्याची, दोन्ही रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर जाऊन आल्या. हॅमिल्टन सुरुवातीला आवाज राखून गातो आणि पुढे एकेक ओळ मागच्या ओळीपेक्षा उंच उचलतो. शेवटाला पोचेपर्यंत प्रेमगीताची प्रार्थना झालेली असते. हा माणूस १९६९ मध्ये अवघ्या चाळिशीत गेला. त्याचं ऋण माझ्यावर आहे ते बाळंतपणातलं. माझी मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागली. हे तेव्हा बोटीवर होते. माझे यजमान मरीन इंजिनियर, वर्षातला मोठा भाग समुद्रावर. तार गेली होती, पण तारेने माणूस येत नाही. आंटी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. एकदा त्यांनी मास्तरांचा छोटा टेपरेकॉर्डर आणला आणि माझ्या उशाशी आवाज बारीक करून हॅमिल्टन लावला. "मास्तरांनी सांगितलंय, आज निळा ऐक," एवढंच त्या बोलल्या. कुणीतरी माझ्या वतीने मागणं मागतंय, असं मला त्या दुपारी वाटलं. मुलगी वाचली. ते डॉक्टरांचं आणि नर्सबाईंचं देणं. मी सावध राहिले, ते आंटींचं आणि हॅमिल्टनचं.

बॉबी हॅटफील्डचं गाणं जगाला सगळ्यांत जास्त माहीत आहे. तो आणि बिल मेडली मिळून 'द राइचस ब्रदर्स'. भावाभावांची जोडी नव्हे, नाव तेवढं तसं. १९६५ मध्ये हे गाणं हॅटफील्डने एकट्याने गायलं आणि ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकण्यात आलं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून तीच बाजू वाजवली आणि अमेरिकेत गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९९० मध्ये 'घोस्ट' सिनेमात कुंभाराच्या चाकाच्या प्रसंगाला ते घेतलं आणि पंचवीस वर्षांनी त्याला दुसरा जन्म मिळाला. मागणी इतकी वाढली की पन्नाशीच्या हॅटफील्डने ते नव्याने गायलं आणि जुनी-नवी दोन्ही ध्वनिमुद्रणं एकाच वेळी अमेरिकेच्या यादीत होती. इंग्लंडात तर जुन्या गाण्याने त्या वर्षी सगळ्यांत जास्त खपलेली सिंगल होण्याचा मान मिळवला.

चालीतलं वैशिष्ट्य सांगायचं तर सी मेजरमध्ये धरलं की गाणं मुख्यतः सी मेजर, ए मायनर, एफ आणि जी या चार कॉर्डच्या चक्रावर फिरतं. सुरुवात खालच्या सुरांत होते आणि मधल्या भागात नद्या-समुद्राची प्रतिमा येते तेव्हा आवाजाला मोकळीक मिळते. हॅटफील्ड शेवटच्या कडव्यात मूळ चाल सोडतो आणि थेट वर झेपावतो. इतर गायक जिथे खाली बसतात तिथे तो वर जातो, आणि त्या टोकाच्या सुराला आवाज फाटतो की काय असं वाटेपर्यंत नेऊन सांभाळतो. हा सूर नॉर्थच्या चालीत नाही. तो हॅटफील्डचा स्वतःचा. आज कुणीही हे गाणं गातं तेव्हा ऐकणारे त्या सुराची वाट बघत असतात.

आखाती युद्ध पेटलं तेव्हा ह्यांचा टँकर आखातातच होता. १९९१ च्या जानेवारीत रोज पहाटे बीबीसीच्या बातम्या लावून मी आणि मुलगी बसायचो. फोन आमच्या मजल्यावर एकाच घरी. तो वाजला की चाळीतली सगळी दारं उघडायची. कंपनीच्या ऑफिसात विचारायला गेलं की 'जहाज सुरक्षित आहे' एवढं एकच उत्तर मिळायचं. हॅटफील्डची कॅसेट ह्यांनीच मागच्या सुट्टीत आणलेली. मुलगी शाळेत गेली की मी ती लावत असे. इतकी वर्षं मास्तरांनी मला राखून, सावरून वाजवायला शिकवलं होतं. हॅटफील्डने मला दुसरी गोष्ट दिली. त्या वरच्या सुरापाशी मी रोज मोठ्याने रडत असे. ते रडणं मी सासूबाईंपुढे, मुलीपुढे रडू शकत नव्हते. त्या गाण्याने मला त्यासाठी रोज एक जागा राखून ठेवली. रडून झालं की कुकर लावायचा, कपडे वाळत घालायचे आणि संध्याकाळच्या बातम्यांना हसऱ्या चेहऱ्याने बसायचं. हे सुखरूप आले. हॅटफील्ड २००३ मध्ये कलामाझू गावी कार्यक्रमाच्या आधी हॉटेलच्या खोलीत गेला. बातमी वाचली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

एल्विस प्रेस्लीचं ऋण माझं एकटीचं नाही, मास्तरांचंही आहे. मास्तरांचे हात कापू लागले होते. आधी बोटं सुरावर स्थिर राहिनात, मग गज तारेवर थरथरू लागला. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि शिकवण्या बंद केल्या. आम्ही शिष्य जाऊन बसायचो, ते बोलायचे नाहीत. माझ्या मुलीने कुठूनतरी एल्विसच्या कार्यक्रमांची एक व्हिडिओ कॅसेट मिळवली. मास्तरांना आणि आंटींना आम्ही टॅक्सीने घरी आणलं आणि ती लावली.

२१ जून १९७७. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचा कार्यक्रम. एल्विस पियानोवर स्वतः बसला आहे. अंग सुजलेलं, चेहरा घामाने निथळतोय, शेजारी एक सोबती त्याच्या तोंडासमोर माइक धरून उभा आहे, कारण दोन्ही हात पियानोवर गुंतलेले. मधूनच तो त्या सोबत्याकडे बघून हसतो. आणि मग तो 'अनचेन्ड मेलडी' असं गातो की अंगावर काटा येतो. श्वास अपुरा पडतोय ते कळतं. तो मध्येच तुटतो, पुन्हा घेतो, पण एकाही उंच सुरापासून माघार घेत नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १६ ऑगस्टला, तो गेला. वय बेचाळीस.

मास्तर खुर्चीच्या कडेला सरकून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि कापऱ्या हाताने एल्विसच्या श्वासाच्या खुणा करायला सुरुवात केली. खुणा पुष्कळ होत्या, हिबलरच्या दुपटीने. "बघ, एवढे श्वास घेऊनसुद्धा वाक्य पुरं होतं," ते म्हणाले. पुढच्याच आठवड्यात पेटीचं कुलूप निघालं. मैफिलीसाठी नाही, पण वाडीतल्या मुलांसाठी ते शेवटपर्यंत वाजवत राहिले. गज आखूड ओढायचे, जास्त वेळा उलटवायचे, पण सूर सोडायचे नाहीत.

आता राहिला टॉड डंकन. खरं तर सगळ्यांच्या आधी हे गाणं त्यानेच गायलं, पण माझ्यापर्यंत तो सगळ्यांत शेवटी आला. डंकन हा मोठा गायक, जॉर्ज गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस'चा १९३५ मधला पहिला पोर्गी. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात काळ्या प्रेक्षकांना गोऱ्यांबरोबर बसू देत नव्हते, तेव्हा असं असेल तर मी गाणार नाही, म्हणून तो अडून बसला आणि थिएटरला नमावं लागलं. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्क सिटी ऑपेरात गायला. तिथे गाणारा तो पहिला काळा गायक. 'अनचेन्ड' सिनेमा कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या तुरुंगाबद्दल आहे. केन्यन स्कडर या अधिकाऱ्याने कैद्यांवर विश्वास टाकून चालवलेला तो तुरुंग होता. तिथून पळून जाणं अवघड नव्हतं. पळायचं की शिक्षा पुरी करून उजळ माथ्याने घरी जायचं, हा त्या सिनेमातल्या नायकापुढचा प्रश्न. डंकन त्यात एका कैद्याच्या भूमिकेत आहे. इतर कैद्यांच्या सोबतीत, गिटारच्या साथीवर तो गाण्याचा थोडासाच भाग गातो. ना झेप, ना टोकाचा सूर. शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच आवाज.

हे गेले त्यानंतरच्या वर्षी मुलीने मला तो तुकडा कॉम्प्युटरवर शोधून दाखवला. आयुष्यभर मी ह्यांची वाट पाहिली होती आणि त्या प्रत्येक वाटेला शेवट होता. बोट बंदराला लागायची, टॅक्सी चाळीशी थांबायची. आता येणारं कुणी नव्हतं, तरी संध्याकाळी कान जिन्याकडे लागायचे. अशा वेळी हॅटफील्ड ऐकवेना, एल्विस तर नकोच वाटायचा. डंकनचं गाणं ऐकवलं. त्यात सुटकेची तारीख नाही. आपल्यासारखीच शिक्षा भोगणाऱ्यांच्या मध्ये बसून शांतपणे आपल्या माणसाचं नाव घेत राहणं आहे. मी तेव्हापासून तसंच करते आहे, आणि मला ते पुरतं.

शब्दकार हाय झॅरेट यांनाही यात विसरता येत नाही. सिनेमाचं नाव गाण्यात यावं असा निर्मात्यांचा आग्रह होता, पण झॅरेट यांनी तो मानला नाही. त्यांनी गाण्यात तुरुंगही आणला नाही, बेड्याही नाहीत, फक्त दूर असलेला माणूस ठेवला. म्हणून ते खलाशाचंही झालं, विधवेचंही झालं. झॅरेट २००७ च्या जुलैत गेले, शंभराव्या वाढदिवसाला जेमतेम दोन महिने उरले असताना.

आपल्याकडे भावगीत आणि गळा यांची गाठ पक्की असते. एकाचं गाणं दुसऱ्याने गायलं की लगेच तुलना सुरू होते, बहुतेक वेळा दुसऱ्यावर अन्याय होतो. पण अभंगाला आपण हा नियम लावत नाही. तुकोबांचा अभंग दिंडीत वारकरी म्हणतो, मैफिलीत पंडित गातात, जात्यावर आजी म्हणायची, आणि आधी कुणी गायला हे कुणी विचारत नाही. बंदिशीचंही तेच. एका घराण्याची बंदिश दुसऱ्या घराण्यात जाते आणि तिथला श्वास घेते. मला वाटतं, काही प्रेमगीतांनाही ही मोकळीक मिळायला हवी. माझ्याकडे आता जी मुलं व्हायोलिन शिकायला येतात त्यांना मी हे गाणं शिकवते. आधी रेकॉर्ड ऐकवत नाही. कोरा नोटेशनचा कागद देते आणि तुमचे श्वास तुम्ही लिहा म्हणते. मग पाचही जणांचं ऐकवते. मुलं विचारतात, यात खरं कुणाचं? मी सांगते, पाचही खरी, आणि तुमचं सहावं.

हे गाणं एकाच गळ्याला बांधलेलं असतं, तर माझ्या एकाच दुःखाला पुरलं असतं. ज्याने त्याने ते आपल्या श्वासाने गायलं म्हणून मला ते जन्मभर पुरलं. त्या पाचांपैकी एकालाही मी कधी भेटले नाही. ज्या मास्तरांनी या गाण्याशी माझी गाठ घालून दिली, त्यांना मी हे नीट शब्दांत कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहून सांगितलं.